ब्रेडच्या पाकिटावरचं ‘शुगर कंट्रोल’ कितपत खरं मानायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी ब्रेडबद्दलच इतकी पत्रं आलीयेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. ‘हाय फायबर’, ‘शुगर कंट्रोल’, ‘डायबेटिक फ्रेंडली’ असं छापलेलं असतं त्यावर किती भरवसा ठेवायचा, हेच बहुतेकांना विचारायचंय. एकसारखी पत्रं एकत्र करून घेतलीयेत.

प्रश्न : ताई, माझ्या बाबांना बऱ्याच वर्षांपासून टाइप २ डायबेटिस आहे. भावाने त्यांच्यासाठी एक हाय फायबर ब्रेड आणलाय, पाकिटावर लिहिलंय की या ब्रेडने रक्तातली साखर ३० टक्के कमी वाढते. आधी बाबा साध्या ब्रेडचे दोन स्लाइस खायचे, आता या ब्रेडचे चार खातात आणि वर म्हणतात की हा शुगर कमी करतो, जितका खाऊ तितका चांगला. आई रोज वाद घालते. खरं काय समजायचं?

आईचं बरोबर आहे. बाबांना पाकीट हातात देऊन ते वाक्य परत वाचायला सांगा. तिथे साखर ‘कमी वाढते’ असं लिहिलंय, ‘कमी होते’ असं नाही. कुठलाही ब्रेड खाल्ला की साखर वाढणारच, कारण ब्रेड म्हणजे मुख्यतः स्टार्च आणि स्टार्च पचला की त्याचं ग्लुकोजच होतं, प्रश्न फक्त किती आणि किती वेगाने एवढाच असतो. औषधासारखा जितका जास्त तितका फायदा असं ब्रेडचं गणित नाहीये, ते उलटं आहे.

आता ते ३० टक्के. असा आकडा दिसला की पहिलं विचारायचं, कशाच्या तुलनेत? शुद्ध ग्लुकोजच्या तुलनेत असेल तर त्यात फार काही विशेष नाही, कारण ग्लायसेमिक इंडेक्समध्ये, म्हणजे पदार्थाने रक्तातली साखर किती चढते याच्या मापात, ग्लुकोजला १०० धरतात आणि साध्या पांढऱ्या ब्रेडचा इंडेक्स साधारण ७५ येतो, म्हणजे त्या हिशोबाने अगदी साधा पांढरा ब्रेडसुद्धा ‘२५ टक्के कमी’ असं छापू शकेल! पांढऱ्या ब्रेडशी तुलना केली असेल तर जरा अर्थ आहे, पण मग पुढचा प्रश्न, तुलना करताना दोन्ही ब्रेड किती खायला दिले?

हे महत्त्वाचं आहे म्हणून थोडं थांबून सांगते. ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्याची चाचणी करताना प्रत्येक पदार्थ इतका खायला देतात की त्यातून पचणारी कर्बोदकं सारखीच, सहसा ५० ग्रॅम, पोटात जातील, आणि मग दोन तास रक्तातली साखर मोजत राहतात. म्हणजे तिथे स्लाइसला स्लाइस अशी तुलना नसतेच, कर्बोदकांना कर्बोदकं अशी असते. आपण घरी काय मोजतो? स्लाइस. आणि हाय फायबर ब्रेडचे स्लाइस बऱ्याचदा जाड आणि जड असतात.

उदाहरण म्हणून आकडे धरू, तुमच्या पाकिटावरचे वेगळे असतील. साध्या ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला ४८ ग्रॅम पचणारी कर्बोदकं आणि एक स्लाइस २५ ग्रॅमचा, तर दोन स्लाइसमध्ये २४ ग्रॅम झाली. हाय फायबर ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला ४० ग्रॅमच, पण स्लाइस ४५ ग्रॅमचा, तर दोन स्लाइसमध्ये ३६ ग्रॅम झाली, आणि बाबा खातात तसे चार घेतले तर ७२. त्या ७२ मधून ३० टक्के सूट दिली तरी साधारण ५० उरतात, जे आधीच्या २४ च्या दुपटीहून जास्त आहेत. हे ढोबळ गणित आहे, शरीर काही इतकं सरळ गुणाकार-भागाकार करत नाही, पण दिशा कळायला पुरेसं आहे. म्हणून किचनमधल्या काट्यावर एकदा एक स्लाइस ठेवून वजन बघा आणि पाकिटामागच्या तक्त्याशी ताडून बघा, हे एवढंच काम बाकी सगळ्या जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातं. फक्त एक लक्षात ठेवा, काही देशांच्या लेबलवर, जसं अमेरिकेत, एकूण कर्बोदकांत फायबर धरलेलं असतं आणि युरोपात ते वेगळं दाखवतात, त्यामुळे दोन ठिकाणचे ब्रेड तुलना करताना हे आधी बघून घ्यायचं.

‘हाय फायबर’ हे शब्द खोटे असतील असं मात्र नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात १०० ग्रॅमला ६ ग्रॅम फायबर असेल तर ‘हाय’ आणि ३ ग्रॅम असेल तर ‘सोर्स ऑफ फायबर’ म्हणता येतं, बऱ्याच देशांचे नियम याच धर्तीवर आहेत. पण या नियमात रक्तातल्या साखरेचा काही संबंधच नाही! फक्त फायबरचं प्रमाण मोजलेलं असतं. ते कुठलं फायबर आहे आणि साखरेवर काय परिणाम करतं हे कुणी तपासलं असेलच असं नाही, आणि आपण मात्र एक वाचून दुसरं गृहीत धरतो.

आणि फायबर सगळं एकसारखं नसतं. गव्हाचा कोंडा हे मुख्यतः न विरघळणारं फायबर, पोट साफ व्हायला उत्तम, पण जेवणानंतरच्या साखरेवर त्याचा तितका परिणाम दिसत नाही. ओट्स आणि बार्लीतलं बीटा-ग्लुकान, इसबगोल ही विरघळणारी आणि चिकट फायबर, ती पोटात जेलीसारखी घट्ट होतात, त्यामुळे जठर हळू रिकामं होतं आणि ग्लुकोज रक्तात हळूहळू जातं. जेवणानंतरची साखर कमी वाढण्यामागे बहुतेक वेळा हा चिकटपणा असतो.

मग पाकिटावर ‘ओट्सयुक्त’ लिहिलंय म्हणजे झालं का? तेही मोजून बघू. युरोपियन फूड सेफ्टी ऑथॉरिटीने २०११ मध्ये बीटा-ग्लुकानचा साखरेबद्दलचा दावा मान्य केला पण अट घातली, दर ३० ग्रॅम पचणाऱ्या कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकान हवं. वरच्या उदाहरणातल्या दोन स्लाइसमध्ये ३६ ग्रॅम कर्बोदकं आहेत, म्हणजे जवळजवळ ५ ग्रॅम बीटा-ग्लुकान लागेल. साध्या ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के असतं, म्हणजे १२० ग्रॅम ओट्स झाले, आणि दोन स्लाइसचं मिळून वजनच ९० ग्रॅम आहे! घटकांच्या यादीत ओट्स ५ टक्के असतील तर या दोन स्लाइसमध्ये बीटा-ग्लुकान पाव ग्रॅमसुद्धा येत नाही. शिवाय कणीक आंबताना पिठातली एन्झाइम्स बीटा-ग्लुकानचे तुकडे करतात आणि त्याचा चिकटपणा घटतो. मुद्दाम काढलेलं, दाट बीटा-ग्लुकान घालून बनवलेला ब्रेड असला तर गोष्ट वेगळी, पण मग ते किती घातलंय हे लेबलवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असायला हवं. नसेल लिहिलेलं तर ओट्सचं चित्र बघून पैसे देऊ नका.

अजून एक बघा, ती चाचणी कुणावर झाली. बऱ्याचदा अशा चाचण्या दहा-बारा तरुण निरोगी माणसांवर आणि एकाच जेवणापुरत्या असतात. ग्लायसेमिक इंडेक्स ठरवायला दहा माणसं चालतात, ती चूक नाहीये, पण त्यावरून तुमच्या बाबांची तीन महिन्यांची साखर सुधारेल असं म्हणणं म्हणजे फार मोठी उडी झाली.

बाबांचा ब्रेड बंद करू नका. कदाचित तो साध्यापेक्षा बराही असेल. फक्त चारचे दोन करा, किंवा वजन जास्त निघालं तर दीड.

प्रश्न : ब्राउन, होल व्हीट, मल्टिग्रेन, सॉरडो... यातला शुगरसाठी नक्की कुठला? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

ब्राउन हा फक्त रंग आहे, तो कॅरॅमल किंवा माल्टनेही येतो. मल्टिग्रेन म्हणजे एकापेक्षा जास्त धान्यं, ती अख्खी असतील असं कुठे म्हटलंय? घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच ब्रेड आणि वरून लावलेल्या बिया ही सजावट.

होल व्हीटचं ऐकून बऱ्याच जणांना वाईट वाटेल, पण बारीक दळलेल्या होल व्हीट ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स सरासरी ७४ आणि पांढऱ्याचा ७५, जवळजवळ सारखाच. कारण धान्य बारीक दळलं की स्टार्च उघडा पडतो, कोंडा पिठात असला तरी तो स्टार्चला झाकून ठेवत नाही. धान्याचे दाणे अख्खे किंवा नुसते भरडलेले ठेवले तर मात्र फरक पडतो, जेंकिन्स यांच्याच गटाने १९८८ मध्ये हे दाखवलं होतं की ब्रेडमध्ये अख्ख्या दाण्यांचं प्रमाण वाढवत नेलं तसा साखरेचा चढ कमी होत गेला. म्हणून दाट, जड, चावायला वेळ लागणारा, दाणे दातांखाली येणारा ब्रेड साखरेच्या बाबतीत सहसा बरा, आणि दाबला की स्पंजसारखा परत फुगणारा ब्रेड, मग रंग कुठलाही असो, तितका नाही. माझ्या मते दुकानात लेबल वाचायच्या आधी करायची ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे.

यावर एक चांगला अभ्यास आहे तो सांगते. २००८ मध्ये टाइप २ डायबेटिस असलेल्या २१० लोकांचे दोन गट केले, एकाला ब्राउन-होलग्रेन प्रकारचा जास्त धान्य-फायबरचा आहार आणि दुसऱ्याला कमी ग्लायसेमिक इंडेक्सचा आहार. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ०.१८ टक्क्याने उतरलं आणि दुसऱ्याचं ०.५० टक्क्याने. म्हणजे नुसतं ‘फायबर जास्त’ म्हणून थांबलं की फायदा थोडाच मिळतो, कडधान्यं, दाटसर ब्रेड, सुकामेवा असा सगळा आहार बदलला की जास्त. आणि अर्धा टक्का हा फरक खरा आहे, उपयोगाचा आहे, पण गोळ्या बंद व्हाव्यात इतका मोठा नाही हेही दिसतं.

सॉरडोचं, म्हणजे नैसर्गिक आंबवणाने फुगवलेल्या ब्रेडचं, पुढच्या उत्तरात येतं.

प्रश्न : मी स्वतःच टेस्ट केली. सोमवारी साधा ब्रेड खाऊन दोन तासांनी शुगर १५८, मंगळवारी हाय फायबर ब्रेड खाऊन १४६. म्हणजे ब्रेड काम करतोय ना? माझ्या बहिणीला मात्र त्याच ब्रेडने १९० आली, ती म्हणते फसवणूक आहे.

मोजून बघितलंत हे फार चांगलं केलंत, नाहीतर लोक नुसते वाद घालतात. पण १५८ आणि १४६ मध्ये जो १२ चा फरक आहे तो मीटरच्या चुकीतच बसतो. ग्लुकोमीटरसाठी २०१३ चं आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात १०० च्या वरच्या रीडिंगला १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खरी साखर १५० असेल तर मीटर १२८ पासून १७२ पर्यंत काहीही दाखवू शकतो आणि तरीही तो पास! त्यात आदल्या रात्रीची झोप, आदल्या दिवशीचं जेवण, चालणं, ताण, औषधाची वेळ यांनीही आकडा हलतो. एकाच माणसाने एकच ब्रेड दोन दिवस खाल्ला तरी आकडे वेगळे येतात.

करायचंच असेल तर असं करा. दोन्ही ब्रेड स्लाइस मोजून नाही, वजन करून, कर्बोदकं सारखी येतील एवढे घ्या, वेळ सकाळचीच ठेवा, सोबत खाल त्या गोष्टी अगदी त्याच, खायच्या आधी एकदा मोजा आणि पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी परत. आधीच्या आकड्यातून किती चढली ते लिहा, शेवटचा आकडा एकटा काही सांगत नाही, कारण सोमवारी तुम्ही १२० वरून सुरू केलं असेल आणि मंगळवारी ९५ वरून, आणि मग कहाणी उलटीच होते, हाय फायबर ब्रेडने ५१ चढली आणि साध्याने ३८. आणि हे प्रत्येक ब्रेडसाठी तीन-चार वेळा, आलटून पालटून करा. दर वेळी एकच ब्रेड सरस निघाला तर त्यावर विश्वास ठेवा.

बहिणीचं म्हणाल तर ती फसवली गेली असेलच असं नाही. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ मध्ये ८०० लोकांच्या शरीरावर सेन्सर लावून बघितलं तेव्हा एकाच पदार्थाने वेगवेगळ्या माणसांची साखर अगदी वेगवेगळी चढलेली दिसली. त्याच संस्थेने २०१७ मध्ये २० निरोगी लोकांना एक आठवडा पांढरा ब्रेड आणि एक आठवडा होलग्रेन सॉरडो दिला, दोघांमध्ये सरासरी फरक काही निघालाच नाही, पण काहींची साखर पांढऱ्याने कमी चढली तर काहींची सॉरडोने. अभ्यास छोटा आहे, त्यावरून पांढरा ब्रेड चांगला असं कुणी काढू नये, पण ‘सगळ्यांसाठी उत्तम’ असं छापणाऱ्यांना तो चांगलं उत्तर आहे. त्यामुळे तुमचा आकडा बहिणीला लागू नाही आणि तिचा तुम्हाला नाही. मात्र १९० हा आकडा एकदाच आला की नेहमी येतो हे तिने बघावं, डायबेटिस असेल तर जेवणानंतर साधारण १८० च्या आत ठेवा असं सहसा सांगतात, आणि डायबेटिस नसताना १९० येत असेल तर ब्रेड बाजूला ठेवून आधी लॅबमध्ये रक्त तपासून घ्यावं.

प्रश्न : म्हणजे फायबरची सगळी हवाच आहे का? मग डॉक्टर कशाला सांगतात?

अजिबात नाही, आणि कृपा करून असा अर्थ काढू नका. फायबरचा फायदा पक्का आहे, कच्चा आहे तो एका पाकिटाचा दावा. २०१९ मध्ये जिम मान आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १८५ दीर्घकालीन निरीक्षण-अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये टाइप २ डायबेटिस, हृदयविकार, पक्षाघात, मोठ्या आतड्याचा कॅन्सर हे १५ ते ३० टक्के कमी दिसले, आणि सगळ्यात जास्त फायदा दिवसाला २५ ते २९ ग्रॅमच्या आसपास. बघा, हे दिवसाचं आहे, आयुष्यभराचं आहे आणि सगळ्या जेवणातून येणारं आहे. हाय फायबर ब्रेडचे दोन स्लाइस त्यातले पाच-सहा ग्रॅम देतील, छानच आहे, उरलेलं भाज्या, फळं, डाळी, कडधान्यं यांच्यातून यायला हवं.

आणि नीट प्रमाणात घेतलं तर साखरही हलते. २००० मध्ये टाइप २ च्या १३ रुग्णांना सहा आठवडे रोज ५० ग्रॅम फायबर दिलं, त्यातलं अर्धं विरघळणारं, तर २४ ग्रॅम फायबरच्या आहारापेक्षा त्यांची दिवसभराची साखर १० टक्क्यांनी कमी राहिली. १३ च माणसं आहेत हे मान्य, पण ते फायबर मुख्यतः नेहमीच्या अन्नातूनच दिलं होतं हे मला महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : ‘कीटो ब्रेड, फक्त २ ग्रॅम नेट कार्ब’ असा ब्रेड घेतला. शुगर खरंच कमी चढते, पण पोट फुगतं आणि गॅस होतो. चालू ठेवू का?

अशा ब्रेडमध्ये मैद्याच्या जागी गव्हातलं ग्लुटेन आणि इन्युलिन किंवा बदललेला स्टार्च अशी वेगळी काढलेली फायबर भरलेली असतात. कर्बोदकं खरंच कमी असतील तर साखर कमी चढणारच, त्यात शंका नाही. गॅस होतो तो इन्युलिनमुळे असू शकतो, मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवतात. एका स्लाइसवर या, पाणी वाढवा, आठवड्याने बघा, तरी त्रास होत असेल तर सोडा, हट्टाने खाण्यासारखं त्यात काही नाही. ग्लुटेन चालत नसेल, म्हणजे सिलिअ‍ॅक असेल, तर हा ब्रेड अजिबात नको. ‘नेट कार्ब’ हा आकडा कंपनी स्वतः एकूण कर्बोदकांतून फायबर वजा करून काढते, त्यामुळे तुमच्या मीटरचं म्हणणं आधी ऐका.

प्रश्न : ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवून टोस्ट केला की शुगर कमी वाढते हे खरं का?

थोडंसं खरं आहे. २००८ मध्ये दहा निरोगी लोकांवर पांढऱ्या ब्रेडची अशी चाचणी झाली आणि गोठवून मग टोस्ट केलेल्या ब्रेडने साखर कमी चढली, कारण थंड झाल्यावर काही स्टार्च परत घट्ट होतो आणि पचायला जड जातो. दहाच लोक, निरोगी, एकाच जेवणापुरतं. नुकसान काही नाही, करा.

आणि जेवणात ब्रेड आधी खाता की नंतर, त्यानेही बराच फरक पडू शकतो. २०१५ मधल्या एका छोट्या अभ्यासात डायबेटिसच्या ११ रुग्णांनी आधी भाजी आणि प्रथिनं खाल्ली आणि नंतर ब्रेड, तेव्हा तेच जेवण उलट्या क्रमाने खाण्यापेक्षा एका तासानंतरची साखर ३० टक्क्यांहून जास्त कमी होती. ब्रेड तोच, साधा, हाय फायबर नव्हे. छोटाच अभ्यास आहे हाही, पण फुकट आहे आणि उद्यापासून करता येतो.

प्रश्न : ब्रेड बदलल्यापासून सकाळची शुगर चांगली येतेय. संध्याकाळची गोळी बंद करू का?

नको. स्वतःहून तर अजिबात नको. महिनाभराचे आकडे तारखेसकट लिहून डॉक्टरांकडे न्या, एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, ते झालं की ते ठरवतील. आणि इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी चालू असेल आणि तुम्ही कर्बोदकं बरीच कमी केली असतील, तर घाम, थरथर, घाबरल्यासारखं होतंय का याकडे लक्ष ठेवा, तसं झालं तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.